हनुवंतियाला जाऊन आलो, आणि एक जुना हिशेब आठवला



या ग्रुपवर मी सहसा वाचतो, लिहीत नाही. रामबागेच्या आठवणी, राजवाड्यासमोरची गर्दी, नारायण बागेतले जुने वाडे, आपापल्या शाळा-कॉलेजांचे किस्से, सगळं आवडीने वाचतो आणि खाली अंगठा दाखवून मोकळा होतो. पण या वेळी थोडं मोठं लिहितोय. चहा घेऊन बसा. आधी आठवण आहे, मग माझं मत आहे. मत पटलं नाही तर खाली मोकळेपणाने लिहा, या वयात राग येत नाही.

डिसेंबरात मुलगा-सूनबाई पुण्याहून आले होते. माझी पंचाहत्तरी होती. घरी सत्यनारायण घालावा असं आमच्या सौ.चं म्हणणं. मुलाने परस्पर हनुवंतियाचं दोन रात्रींचं बुकिंग करून टाकलं. म्हणाला, "बाबा, सगळे मिळून कुठेतरी जाऊ. गोव्याला गर्दी असते, हे तर आपल्या इंदूरच्या दाराशी आहे." दाराशी म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. सिमरोळचा घाट उतरायचा, बडवाह, मोरटक्क्याला नर्मदामाईला हात जोडायचे, पुढे सनावद, पुनासा, मूंदी, की आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हनुवंतिया खंडवा जिल्ह्यात, इंदिरासागर धरणाच्या जलाशयाच्या काठावर आहे. समोर जिकडे बघाल तिकडे पाणी. समुद्र पाहिल्यासारखं वाटतं. पाण्यात बेटं आहेत, बोटी आहेत, राहायला छान खोल्या आहेत. हिवाळ्यात तंबूंचं अख्खं गाव उभं राहतं. खरं सांगतो, मला आवडलं. सकाळी पाण्यावरचं धुकं पाहत गरम चहा घेतला, नातीने पहिल्यांदा इतके पक्षी एकदम पाहिले, सौ.नेही सत्यनारायण राहिल्याचा राग सोडून दिला. तेव्हा पुढे जे लिहितोय ते पर्यटनाच्या विरोधात आहे असं कृपया कोणी समजू नये.

दुसऱ्या दिवशी बोटीत बसलो. नावाडी चाळिशीचा, तिथल्याच एका गावातला. मी सहज विचारलं, "भाई, इधर से हरसूद किस तरफ पड़ेगा?"

तो वल्हं मारायचा थांबला. म्हणाला, "बाबूजी, आप कौन-से हरसूद की पूछ रहे हो? ऊपर वाला कि नीचे वाला?"

मंडळी, अंगावर काटा आला. कारण मी ज्या हरसूदबद्दल विचारत होतो, ते खालचंच होतं.

१९७१ साली बी. कॉम. झालो, १९७३ मध्ये बँकेत लागलो, आणि १९८२ ते १९८५ ही तीन वर्षं हरसूदच्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. लग्न होऊन चारच वर्षं झाली होती. खंडवा-इटारसी लाइनवरचं छोटंसं तहसिलीचं गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन नुकतं येऊ लागलेलं, गहू. आठवड्याचा बाजार भरायचा. बँकेची सरकारी मोटरसायकल घेऊन मी गावोगाव फिरायचो. खसरा-खतौनी बघायची, शेतकऱ्याची पावती बघायची (आपल्याकडे निमाडात जमिनीच्या पुस्तिकेला पावती म्हणतात हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहेच), विहिरीसाठी, मोटरपंपासाठी, बैलजोडीसाठी कर्जाचे कागद तयार करायचे.

एका गावात एक म्हातारे शेतकरी होते. सगळे त्यांना दाजी म्हणायचे. निमाडात वडीलधाऱ्याला दाजी म्हणतात. मला सुरुवातीला हसू यायचं, कारण आपल्याकडे दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. त्यांना विहीर खोल करून पंप बसवायचा होता. सात वर्षांच्या मुदतीचं कर्ज. जमीन चांगली, माणूस प्रामाणिक, मागचं पीककर्ज वेळेवर फेडलेलं. मी कागद तयार केले आणि वर पाठवले.

उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी वरून तोंडी निरोप आला की बुडणाऱ्या गावांत लांब मुदतीचं कर्ज देऊ नका. तारणच पाण्याखाली जाणार, मग वसुली कशाची करणार? हिशेबाच्या दृष्टीने बरोबरच होतं. मीही बँकवाला, मलाही पटलं. दाजींना जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उठले, आत गेले आणि माझ्यासाठी शेंगदाण्यांची पिशवी घेऊन आले.

२३ ऑक्टोबर १९८४ ला पुनासाला धरणाची पायाभरणी झाली. इंदिराजी स्वतः आल्या होत्या. त्यानंतर आठच दिवसांनी दिल्लीत त्यांची हत्या झाली. पुढे धरणाला त्यांचंच नाव मिळालं.

पायाभरणी १९८४ ला झाली आणि गाव रिकामं झालं २००४ ला. मधली वीस वर्षं त्या सुमारे अडीचशे गावांतल्या लोकांनी कशी काढली असतील याचा विचार करा. विहीर खणायची नाही, घराला पक्कं छत घालायचं नाही, बँक कर्ज देत नाही, मुलीवाले त्या गावात मुलगी देत नाहीत, कारण गाव बुडणार आहे. २८ सप्टेंबर १९८९ ला हरसूदला मोठा मेळावा भरला होता. बाबा आमटे, मेधाताई, सुंदरलाल बहुगुणा आले होते. देशभरातून हजारो लोक जमले होते. मी तेव्हा बदली होऊन इंदूरला आलो होतो. पेपरात फोटो बघितला आणि गर्दीत ओळखीचे चेहरे शोधत बसलो.

३० जून २००४ ही हरसूद सोडायची शेवटची तारीख होती. मी तेव्हा खंडव्याला एका शाखेत मॅनेजर होतो. लोक स्वतःच्या हातांनी स्वतःची घरं पाडत होते, दारं-खिडक्या आणि कौलं ट्रॅक्टरवर लादून छनेराकडे, म्हणजे नव्या हरसूदकडे, नेत होते. ते दृश्य ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. त्या काळात मोबदल्याच्या रकमा आमच्या खात्यांत जमा होत होत्या. आणि नियम असा की ज्याच्या जमिनीवर बँकेचा बोजा आहे, त्याच्या रकमेतून आधी बँकेचं येणं वळतं करायचं. त्या व्हाउचरांवर माझ्या सह्या आहेत. दाजी तोवर वारले होते. त्यांच्या मुलाच्या खात्यातून पीककर्जाची बाकी वळती केली तेव्हा तो काउंटरपलीकडे उभा होता. त्याने विचारलं, "साब, अब पावती का क्या करूं?" मी म्हणालो, जपून ठेव. दुसरं काय सांगणार होतो?

हे सगळं बोटीत बसल्या-बसल्या आठवलं. नातीने विचारलं, "आजोबा, पाण्याखाली खरंच गाव आहे?" मी हो म्हणालो. तिचा पुढचा प्रश्न होता, "मग इथे तसं लिहिलेलं का नाही?"

आता माझं मत सांगतो.

इंदिरासागरचा जलाशय पूर्ण भरला की ९१३ चौरस किलोमीटरवर पसरतो. १,००० मेगावॉट वीज आणि निमाडला सिंचन, या कामासाठी जमीन घेतली गेली. वीज मिळाली, कालवे निघाले, त्याचा फायदा आपण इंदूरकर घेतोच. माझ्या घरातला पंखाही कदाचित त्याच विजेवर फिरत असेल. मग २०१६ च्या फेब्रुवारीत इथे पहिला जलमहोत्सव झाला, दहा दिवसांचा. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरा झाला, महिनाभराचा. २०१७ चा तिसरा तब्बल ८० दिवसांचा. शासनाचं पर्यटन निवास बारमाही आहेच. तिकडे मंदसौर जिल्ह्यात गांधीसागरलाही तंबूंचं गाव उभं राहिलं. आणि आपल्या राज्याच्या पर्यटन धोरणात सरकारी जमीन खासगी गुंतवणूकदाराला दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर द्यायची सोय आहे. दिशा स्पष्ट आहे. दहा दिवसांची जत्रा हळूहळू बाराही महिन्यांची होणार.

यात गैर काही नाही, पण दहा दिवसांच्या जत्रेला लागणारे नियम आणि बारमाही वस्तीला लागणारे नियम सारखे असू शकत नाहीत. तंबू उचलला की जागा मोकळी होते. बारमाही रिसॉर्ट म्हणजे काँक्रीट, सांडपाणी, बोअरवेल, नोकरांच्या खोल्या, जनरेटर, रस्ता, कुंपण. काठावर कुंपण आलं की आजवर तिथून गुरं पाण्यावर नेणाऱ्याला वळसा घालावा लागतो. पाणी उतरल्यावर गाळाच्या जमिनीत चार महिने गहू-हरभरा घेणाऱ्याला 'तू कोण?' असं विचारलं जातं. जाळं टाकणाऱ्याला सांगतात की पाहुण्यांना वास येतो, पलीकडे जा.

आपण म्हणतो जमीन सरकारची आहे. सरकारची म्हणजे नक्की कोणाची? धरणाकाठची सरकारी जमीन म्हणजे कुठे संपादनात घेतलेली शेती, कुठे महसूल खात्याची चरनोई, कुठे जंगल. यातल्या एकाही तुकड्याला 'कोणाचीच नाही' असं म्हणता येत नाही. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा एक निकाल वाचण्यासारखा आहे. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ. हिमाचलात कुलू-मनालीकडे बियास नदीच्या काठी एका मोटेलला वनजमीन पट्ट्यावर दिली होती आणि मोटेल वाचवायला नदीचा प्रवाहच वळवायचा प्रकार झाला होता. न्यायालयाने तो पट्टा रद्द केला आणि सांगितलं की नद्या, किनारे, जंगलं यांचं सरकार मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्त म्हणजे काय हे बँकवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. लॉकरची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून आतले दागिने माझे होत नाहीत.

आणखी एक गोष्ट. बँकेत आम्ही कर्ज देताना पहिला प्रश्न विचारायचो की कशासाठी हवं आहे. ट्रॅक्टरचं कर्ज घेऊन कोणी लग्न केलं तर ऑडिटर आमच्या नावाने शेरा मारायचा. इथे जमीन घेतली वीज-पाण्यासाठी, आणि काठावर उभी राहतात हॉटेलं. कायद्याने एका सार्वजनिक कामासाठी घेतलेली जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरता येते, हे मला माहीत आहे. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात कलम १०१ आलं. ताबा घेतल्यावर पाच वर्षं जमीन पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या लँड बँकेला परत जावी, असं ते म्हणतं. पण हरसूदची जमीन १८९४ च्या जुन्या कायद्याखाली गेली होती. त्या लोकांना त्याचा उपयोग नाही. म्हणजे कायद्याने नाही, तर निदान पट्ट्याच्या अटींमधून त्यांचा विचार व्हायला हवा.

मला सर्वांत जास्त टोचतं ते हे: ज्या परिसरात शेतकऱ्याला सात वर्षांचं कर्ज द्यायला आम्ही नकार दिला, कारण जमिनीचा भरवसा नाही, त्याच परिसरात आता वर्षानुवर्षांच्या पट्ट्यांच्या गोष्टी होतात, आणि पट्टेदाराला बँका कर्जही देतील. पाणी तेच, काठ तोच, जोखीमही तीच. फक्त अर्जदार बदलला.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत अटी घालता. नियम वाढले की गुंतवणूक दुसरीकडे जाते. मग त्या नावाड्याला काम कोण देणार?" प्रश्न योग्य आहे. नावाड्यानेही मला सांगितलं होतं की सीझनमध्ये बरे पैसे मिळतात, नाहीतर मजुरीला गुजरातेत जावं लागतं. त्याची रोजी मी माझ्या आठवणींसाठी बंद पाडावी असं मला मुळीच वाटत नाही.

पण नियमांनी पर्यटन मरतं हे मला पटत नाही. आपली अर्धी मंडळी दर उन्हाळ्यात महाराष्ट्रात नातेवाइकांकडे जातात, तेव्हा तिकडचीच दोन उदाहरणं घ्या. महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, माथेरान २००३ साली. माथेरानला तर आजही आपली गाडी गावात नेता येत नाही. आता धंदा बसणार, अशी ओरड तेव्हाही झाली असेल. सुट्टीत माथेरानला खोली मिळते का बघा! लोक तिथे जातात ते गाड्या नाहीत म्हणूनच.

उलटं उदाहरण लवासाचं. १९९६ साली महाराष्ट्राने थंड हवेच्या ठिकाणांच्या विकासासाठी खास नियमावली काढली, आणि त्यातून वरसगाव धरणाच्या काठी हे शहर उभं राहू लागलं. तिथली सगळी जमीन सरकारी नव्हती, हे खरं. पण पर्यावरणाच्या परवानगीचा प्रश्न बांधकाम बरंच पुढे गेल्यावर आला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं. वर्षभराने अटींवर मंजुरी मिळाली, पण गाडी रुळावर आली नाही. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकांचे पैसे अडकले, फ्लॅट घेणाऱ्यांचे अडकले, गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्या गेल्याच. मी मुलाला हेच म्हटलं की अटी आधी घातल्या तर गुंतवणूकदार कुरकुर करतो. अटी नंतर घातल्या तर सगळे एकत्र बुडतात.

आपल्याकडे नियमच नाहीत असंही नाही. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम आहेत. आपल्या इंदूरचे सिरपूर तलाव आणि यशवंतसागर, दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत आले, म्हणून त्यांना या नियमांचं संरक्षण आहे. दोन्ही होळकरांच्या काळातले, माणसाने बांधलेले तलाव, हे लक्षात घ्या. पण त्याच नियमांत पाणथळ जागेच्या व्याख्येतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. त्यामुळे मोठ्या धरणांच्या काठांवर ही छत्री आपोआप येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोपाळच्या मोठ्या तलावातल्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायचा आदेश दिला. तो आदेश मिळवायलाही कोणाला तरी लवादाचं दार ठोठवावं लागलं. प्रत्येक तलावासाठी कोणीतरी आयुष्यातली दोन-चार वर्षं कोर्टात घालवायची का? त्यापेक्षा पट्ट्याच्या करारातच चार गोष्टी लिहिल्या तर काय बिघडतं?

त्या चार-पाच गोष्टी मी माझ्या बँकेच्या भाषेत लिहितो. आम्ही सँक्शन लेटरच्या मागच्या पानावर अटी छापायचो, तसंच समजा.

१. पट्टा उघड असावा. किती जमीन, कोणाला, किती वर्षांसाठी, वर्षाचं भाडं किती, अटी काय, हे सगळं जागेवरच मोठ्या बोर्डावर हिंदीत लिहावं. बँकेने जप्त केलेल्या घराची नोटीस पेपरात छापतात, मग सार्वजनिक जमीन दिल्याची माहिती लपवायचं कारण काय?

२. मुदत छोटी, नूतनीकरण कामगिरीवर. पहिल्यांदा दहा वर्षं द्या. अटी पाळल्या तर पुढची दहा. तीन पिढ्यांचा पट्टा एका सहीत देऊ नये. सही करणारा अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो, मी जायचो तसाच.

३. वर्षातून दोन महिने काठाला विश्रांती. आपल्या राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, कारण माशांच्या विणीचा काळ असतो. गरीब मच्छीमाराने दोन महिने जाळं गुंडाळून ठेवायचं आणि मोटरबोटी मात्र फिरत राहायच्या, हे न्यायाचं नाही. त्या दोन महिन्यांत बोटीही बंद ठेवा. बारमाही म्हणजे बाराही महिने तेच, असं थोडंच आहे? पावसात लोकांनी यावं, काठावर बसून भजी खावीत, पाणी बघावं.

४. अनामत रक्कम. पट्टा संपल्यावर किंवा धंदा बंद पडल्यावर जागा पूर्ववत करण्याइतकी बँक गॅरंटी आधीच घ्यावी. सांडपाणी तलावात सोडलं तर त्यातून कापावं. गॅरंटी असली की माणूस जपून वागतो, हा माझा सदतीस वर्षांचा अनुभव आहे.

५. बुडालेल्या गावांचा पहिला हक्क. बोटी, वाटाड्ये, काठावरची छोटी दुकानं, यांचं काम विस्थापितांच्या सहकारी संस्थेला द्यावं, आणि भाड्याचा ठरावीक हिस्सा त्या पंचायतींना जावा. हे स्वप्नरंजन वाटत असेल तर तवा धरण आठवा. होशंगाबाद जिल्ह्यात, केसल्याकडे, विस्थापित आदिवासींच्या तवा मत्स्य संघाला १९९६ साली सरकारनेच जलाशयातल्या मासेमारीचे हक्क दिले होते, आणि त्यांनी दहा वर्षं काम चालवून दाखवलं. २००६ च्या अखेरीस ते हक्क गेले, कारण सातपुडा राष्ट्रीय उद्यानाचे नियम आडवे आले. बघा, तिथे नियम गरिबाला लागू झाला, आणि कडक लागू झाला. तेव्हा नियम पाळता येतात, हे तर सिद्धच आहे.

आता माझी एक कबुली, नाहीतर कोणी जुना सहकारी खाली लिहीलच. अटी छापल्या म्हणजे पाळल्या जातात असं नाही. मी स्वतः नोकरीत कधी कधी चहाच्या टपरीवर बसून इन्स्पेक्शनचा रिपोर्ट भरलाय. 'पंप जागेवर, चालू स्थितीत.' पंप बघितलेला नसायचा. ऊन असायचं, रस्ता नसायचा, आणि मार्चअखेर असायची. म्हणून सरकारी माणसाच्या एकट्याच्या पाहणीवर माझा फार विश्वास नाही. वर्षातून एकदा पाहणी ग्रामसभेसमोर व्हावी आणि अहवाल तिथेच वाचून दाखवावा. गावातल्या माणसाला माहीत असतं की नाला कुठे सोडलाय. त्याला रिपोर्ट वाचावा लागत नाही.

आपण इंदूरचे लोक यात काय करणार, असं कोणी विचारेल. तिथले पाहुणे मुख्यतः आपणच आहोत ना! शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर एम. पी. झिरो नाइनच्याच गाड्या असतात. स्वच्छतेत आपण पहिला नंबर आणतो, कारण घरातला ओला-सुका कचरा आपण वेगळा करायला लागलो. तसंच खोली बुक करताना दोन प्रश्न विचारायला लागू. सांडपाणी कुठे जातं? बोट चालवणारा कुठला आहे? शंभर पाहुण्यांनी विचारलं तर उत्तर तयार ठेवावंच लागेल.

आणि एक सहावी अट, ती माझी नाही, नातीची आहे. निघताना तिने वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात 'हरसूद' लिहिलं आणि मला म्हणाली, "अजून कोणती गावं होती, सांगा." मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. अकरा नावं आठवली. त्यातलं एक दाजींच्या गावाचं. बाकीची लेजरमध्ये होती, डोक्यात राहिली नाहीत.

ज्या रिसॉर्टच्या खिडकीतून ते पाणी दिसतं, त्याच्या दारात बुडालेल्या सगळ्या गावांची नावं लिहिलेली असावीत. खर्च फार नाही. एक पाटी आणि थोडा रंग. पट्ट्याच्या अटींत हेही एक कलम घाला.

या ग्रुपवर खंडवा, हरसूद, हरदा बाजूला नोकरी केलेले बरेच जण आहेत. शिक्षक असतील, रेल्वेतले, इरिगेशनमधले, आमच्यासारखे बँकवाले. तुम्हाला ज्या गावांची नावं आठवत असतील ती खाली लिहा. नातीची वही अजून बरीच कोरी आहे.

आपला,
एक निवृत्त बँकवाला, लोकमान्य नगर, इंदूर